उचकीचा रिचार्ज

कराडच्या मुग्धा पाटणकरनं पोस्टपेड सोडून प्रीपेड घेतलं, तेव्हा तिला दुकानात सांगण्यात आलं की यापुढं आठवण आधी काढावी लागेल आणि बोलणं नंतर मिळेल.

तिला ते मान्य होतं. किंबहुना त्यासाठीच ती आली होती. पोस्टपेडमध्ये सगळं उलट असे. महिनाभर हवं तेवढं बोलावं, फोन ठेवावा आणि खुशाल कामाला लागावं. मनाला काही म्हणता काही वाटत नसे. मग महिनाअखेरीस त्या साऱ्या बोलण्याची आठवण एकदम येई, एकाच दिवशी, हप्ते न पाडता. नोकरदार माणसं त्या दिवशी रजा टाकत. शहाणे लोक त्या दिवशी साखरपुडा किंवा मुंज धरत नसत.

मुग्धाला रजा परवडत नव्हती. मातीचं शास्त्र शिकायला ती नेदरलँड्सला गेली होती. समुद्र मागं सारून त्या लोकांनी शेती कशी उभी केली ते डोळ्यांनी पाहून आली होती. उसाला पाणी पाजून पाजून मीठ फुटलेल्या कृष्णाकाठच्या जमिनी पुन्हा पिकत्या करायच्या, हा एकच ध्यास घेऊन ती परतली होती. आणि नेमकं बिलाच्या दिवशी हणमंतआबांच्या मळ्यात शेतकऱ्यांची बैठक आली. निचऱ्याचे चर कुठून काढायचे हे ती हात पसरून सांगत होती, आणि सांगता सांगता बिल आलं. ती बांधावर खाली बसली आणि हातातल्या नकाशासकट रडली.

आबांनी पटका सारखा केला. मग म्हणाले, "बाई, रडा. आमचं काय म्हणणं न्हाई. पण जरा पलीकडच्या बांधावर जाऊन रडा. हितं आधीच मीठ लई झालंय."

आठवण सौमित्रची होती. सौमित्र गोळे हा साताऱ्याचा मुलगा. तिकडं दोघं एकाच प्रयोगशाळेत शिकली, वाऱ्याच्या तोंडावर सायकली हाणत एकाच रस्त्यानं घरी गेली, आणि परत जायचं ते दोघांनी मिळूनच, असं ठरवून बसली. ती परत आली. तो एक वर्षासाठी म्हणून मागं राहिला. ते वर्ष काही केल्या संपेना.

दुकान बसस्थानकासमोर होतं आणि मालकाचं नाव मुजावर. कंपनीचे नियम त्याला पाठ होते आणि ते सांगताना त्याचा आवाज नमाजाच्या आधी माणसाचा होतो तसा गंभीर होई.

"नंबर तोच राहील ना?" मुग्धानं विचारलं.

"नंबर तोच, ताई. माणूस पण तोच. फक्त क्रम बदलणार." मुजावरनं तिचं जुनं कार्ड काढून नवं घातलं. "तुम्ही आठवण काढायची. पलीकडं उचकी लागते. नुसती लागून चालत नाही. त्यांनी एकेकाची नावं घ्यायची. तुमच्या नावावर उचकी थांबली, की तुमचा बॅलन्स जमा."

"आणि त्यानं पाणी प्यायलं तर?"

"पाण्यानं थांबलेली उचकी बाद. कंपनी ती धरत नाही."

दुकानाच्या भिंतीला लागून एक बाकडं होतं. रिचार्ज करणारे तिथं डोळे मिटून बसत. त्या वेळी सफारीतले एक गृहस्थ बसले होते, आणि शेजारी त्यांच्या मंडळी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय ओ साहेब," मुजावर म्हणाला, "वहिनी शेजारी असताना रिचार्ज कुणाचा चाललाय?"

"मेहुण्याचा," गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले.

"माझ्या भावाची आठवण काढताना हे कधी हसले नव्हते," वहिनी म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन उठल्या. गृहस्थांचा रिचार्ज तिथंच फसला.

मुग्धाचाही पहिला फसला. तिनं घाईघाईत आठवण काढली: सौमित्र, चष्मा, निळं जाकीट. फोनवर उत्तर आलं की आठवण ढोबळ आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करावा. तेव्हा ती नीट बसली. मातीचे नमुने ठेवायच्या काचेच्या नळीत तो आईनं पाठवलेला गोडा मसाला ठेवी आणि वर चिठ्ठी लावी, काळी माती, सातारा जिल्हा. एकदा प्राध्यापकांनी ती नळी तपासायला नेली. या मातीत सेंद्रिय अंश विलक्षण आहे, असं त्यांनी वर्गात सांगितलं, आणि सौमित्र मान खाली घालून ते वहीत उतरवून घेत राहिला, कान लाल करून.

बॅलन्स तात्काळ जमा झाला.

"पहिलंच नाव तुझं घेतलं," तो फोनवर म्हणाला. "उचकीला तोंड पुरतं उघडायलासुद्धा वेळ दिला नाही."

असे बरेच दिवस छान गेले. मुग्धाला प्रीपेड मानवलं. आठवण रोजच्या रोज निघत होती, थोडी थोडी, भाजीत मीठ घालावं तशी, आणि कामाचा खोळंबा होत नव्हता. आबांच्या मळ्यात चर खोदायला सुरुवात झाली. बोलताना मात्र एक व्हायचं. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी येऊन थांबायचं एकाच जागी.

"तू येणार कधी?"

"येणार आहे गं."

"कधी, ते विचारतेय. इथं दरवर्षी मीठ बांध ओलांडून पुढच्या शेतात जातंय, आणि तू तिथं, जिथलं मीठ तुझ्या पणजोबांच्या आधी धुऊन झालंय, तिथं बसून ते मोजतोयस."

"मुग्धा, भाषण नको."

"भाषण नाही. मी बोलावतेय. तुला दोन्हीतला फरक कळत नाही, हे एक आहे."

त्यावर तो गप्प बसे, आणि बॅलन्स त्या गप्प बसण्यात संपून जाई.

मग एके दिवशी सकाळी तिनं आठवण काढली आणि काहीच जमा झालं नाही. दुपारी काढली. संध्याकाळी मळ्यातून परतताना काढली, अगदी मन लावून. काही नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. मुजावरनं चष्मा लावला आणि नंबर टाकून पाहिला.

"तुमच्या बाजूनं सगळं बरोबर आहे. उचकी लागलीय."

"मग?"

"चालू आहे. कालपासनं थांबलेलीच नाही." त्यानं संगणकाचा पडदा जवळ ओढला. "नावं घेतलेली दिसतायत. आई. मामा. कुणी एक प्राध्यापक. फ्रेडरिका..." तो थांबला आणि चष्म्यावरून तिच्याकडं सहानुभूतीनं बघू लागला.

"घरमालकीण आहे त्याची. ऐंशी वर्षांची."

"असेल, ताई. असेल. आमचं काम फक्त नाव वाचायचं."

"माझं?"

मुजावरनं पडदा खालपर्यंत सरकवला आणि पुन्हा वर आणला. "तुमचं नाही," तो म्हणाला.

मुग्धा बाकड्यावर बसली. शिक्षणानं तिला एक सवय लावली होती: कारण सापडेपर्यंत दुःख करायचं नाही. पण कारण शोधायला तिच्याकडं बॅलन्स नव्हता. आपलं नाव त्याच्या तोंडून का निघत नाही, हे विचारायला त्याच्या तोंडून आपलं नाव निघायला हवं होतं. तो आपल्याला विसरला असेल, ही एक शक्यता. पण विसरला असता तर उचकी लागलीच नसती, असं मुजावर म्हणाला. विसरलेल्या माणसालाही लागते, असं बाकड्यावरचे दुसरे एक आजोबा म्हणाले, आणि त्यावर दोघांचा बराच वाद झाला.

त्याच दिवशी गोळेकाकूंचा फोन आला. गोळेकाकू म्हणजे सौमित्रची आई. त्या अजून पोस्टपेडवर होत्या. महिनाअखेरीचं महिनाअखेरीला बघू, असा त्यांचा स्वभाव होता.

"मुग्धे, बाई, तू जरा त्याची आठवण काढायची थांबतेस का?" काकू म्हणाल्या. "पोराचा जीव जायची पाळी आलीय. साखर खाऊन झाली, श्वास कोंडून झाला. त्या फ्रेडरिकाबाईनं पाठीत बुक्के घातले. म्हातारीच्या हाताला बाकी जोर आहे."

"काकू, त्याला माझं नाव घ्यायला सांगा ना."

"सांगितलं की! म्हटलं, गाढवा, गावातल्या मेलेल्या माणसांची नावं घेऊन झाली, तिचं घे. तर म्हणतो, 'आई, तिचं घेतलं तर थांबेल.'"

मुग्धानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं, अरे, थांबावी म्हणूनच घेतात नाव. तर म्हणतो, 'तेच तर.' आता याच्यापुढं आईनं काय बोलावं? आणि तिकडं कायमच्या नोकरीचा कागद समोर ठेवलाय त्याच्या. तिच्याशी बोलल्याशिवाय सही करणार नाही म्हणतो. आणि बोलायला नाव घेत नाही. हेच शिकायला गेला होतात का गं दोघं?"

"तुम्ही त्याला माझा निरोप द्याल?"

"मी देणार नाही. निरोपानं लग्नं जमतात, माणसं जमत नाहीत." काकूंचा आवाज जरा उतरला. "आणि ऐक. त्यानंही आता तुझ्यासारखं प्रीपेड घेतलंय. तुमचं तुम्ही बघा. मला महिनाअखेरीला दोघांचंही बिल येणार आहे, तेवढं पुरे."

मुग्धा सरळ दुकानात गेली.

"परत पोस्टपेड करून द्या," ती म्हणाली. "मला आत्ता बोलायचंय."

"करतो. चहा येईपर्यंत होईल." मुजावरनं कार्डाची डबी उघडली. "फक्त क्रम बदलला की चालू असलेली उचकी रद्द होते. ते सांगणं माझं काम."

"रद्द म्हणजे?"

"म्हणजे थांबेल. तुम्ही आठवण काढताय की नाही, हे मग त्यांना तिकडं कळायचं नाही. एकदम बिलालाच."

डबी उघडीच राहिली. मुग्धाला डोळ्यांसमोर सौमित्र दिसला. एका हातात पेन, समोर कागद, आणि मध्येच त्याची छाती दचकते. तो मान वर करतो. कृष्णाकाठी कुणीतरी आत्ता, या क्षणी, चरात उभं राहून त्याला आठवतं आहे, हे त्याला कुणी न सांगता कळतं. बोलून एवढं कधी कळवता आलं होतं? ती बोलली असती तर पुन्हा त्याच जागी येऊन थांबली असती, येणार कधी, आणि या वेळी त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

"राहू दे," ती म्हणाली.

"ताई, मग ते तिकडं बसून उचक्या देणार, तुम्ही इथं बसून आठवणी काढणार, आणि बोलणार कुणीच नाही. कंपनीला यातनं काय मिळणार?"

"कंपनीनं नाव घेऊन बघावं," मुग्धा म्हणाली.

मळ्यात त्या दिवशी मोठा चर संपवायचा होता. माणसं कमरेइतक्या खोल उतरली होती आणि काठावर ओल्या मातीचे ढीग पडले होते; वाळलेल्या भागावर पांढरा थर चढला होता, भिंतीला पोपडे धरतात तसा. मुग्धा पाइपचा उतार समजावून सांगत होती. "इकडून पाणी आत येईल," ती म्हणाली, "आणि मीठ घेऊन खाली..." आणि तिला उचकी लागली.

खोरी थांबली. सगळे वर बघू लागले.

"कोण तरी आठवण काढतंय बाईंची," आबा म्हणाले. "घ्या, नावं घ्या. आई?"

"आई," मुग्धा म्हणाली. उचकी आली.

"बहीण हाय का?"

"आहे. कल्याणी." उचकी आली.

"शाळंतली मैत्रीण आसंल," चरातून एकजण ओरडला. "आमच्या हिला तीच आठवती, कामाच्या टायमाला."

मग जो तो नावं सुचवू लागला. मामी, आत्या, कॉलेजचे सर. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांचंही नाव कुणीतरी सुचवलं, त्यावर चरात हशा पिकला. मुग्धानं प्रत्येक नाव प्रामाणिकपणे घेतलं. उचकी दर खेपेला तितक्याच नेटानं येत राहिली, आतून कुणीतरी दार ठोठावावं तशी. एक नाव तिच्या जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर उचकी थांबली असती. दूर कुठंतरी बॅलन्स जमा झाला असता, खिशातला फोन वाजला असता, आणि तो काय ठरवतो आहे ते तिला या बांधावरच ऐकू आलं असतं. येतो. किंवा येत नाही. दोन्हींपैकी एकच.

"आणिक कोण ऱ्हायलं का?" आबांनी विचारलं. ते तिच्याकडं नाही, मातीकडं बघत होते.

"नाही," मुग्धा म्हणाली, आणि तिची छाती दचकली.

"मग काय, आसू द्या," आबा म्हणाले. "चला रं, हाणा खोरं. बाईंची उचकी काय जमिनीला बाधत न्हाई."

खोरी पुन्हा चालू झाली. मुग्धा उतार सांगू लागली. उचकी आली की थांबे, गेली की पुढं सांगे, आणि चरातली माणसंही तेवढा वेळ थांबून पुन्हा कामाला लागत. कुणी त्याबद्दल पुढं काही बोललं नाही. थोड्या वेळानं आबांच्या सुनेनं घरून पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणला आणि मुग्धापुढं धरला. मुग्धानं तो दोन्ही हातांनी घेतला. गोड पाणी होतं, गार. काठाला मेथीचं एक इवलं रोप मिठातून कसंबसं वर आलं होतं. तिनं वाकून तांब्या त्याच्या बुडाशी सावकाश रिकामा केला, पाणी जिरेपर्यंत बघत राहिली, आणि मग पुढच्या उचकीसाठी सरळ उभी राहिली.