एदविनच्या आलेखातली गुलाबी रेघ

कुस्कोच्या आंतरराष्ट्रीय बटाटा परिषदेत आपल्याला कुणीही निरुत्तर करू शकणार नाही, याची एदविन चुकिमियाला पक्की खात्री होती! करेलच कसं? सगळ्या संभाव्य प्रश्नांची उत्तरं त्याने अशी घोकली होती, की अंघोळ करताना तो साबणालासुद्धा समजावून सांगायचा. आता एल आल्तो या त्याच्या डोंगरमाथ्यावरच्या शहरातल्या थंडीत अंघोळ रोज होत नाही, ही गोष्ट वेगळी.

घोकायला कारणही तसंच होतं. पदवीच्या तिसऱ्या वर्षातलं पोर परदेशातल्या परिषदेला धाडायचं, हे त्याच्या विभागात आजवर घडलं नव्हतं. "पोरं तिथे जाऊन आपलं हसं करतील," असं बाकीचे प्राध्यापक म्हणत होते. एकटे मोंतान्यो सर भांडले. शेवटी ठरलं, की यंदा एदविनला पाठवून बघायचं. त्याने माती खाल्ली, तर पुन्हा पदवीच्या पोरांचं नाव काढायचं नाही.

"तुझ्यामागे अख्खा वर्ग उभा आहे रे बाबा!" सर म्हणाले.

"सर, तुम्ही निर्धास्त राहा!" एदविनने छाती फुगवली.

त्याचा विषय होता चुन्यो, म्हणजे हिवात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा. वाळताना त्याचं वजन कसं घटतं, ते पोस्टरवर एका निळ्या रेघेने दाखवलं होतं. मध्ये एका जागी जराशी अडखळत होती, तेवढं सोडलं तर रेघ शहाण्यासारखी खाली उतरत होती.

एदविन आणि सरांची बस सुटायला आली, तेवढ्यात साबिना मावशी धापा टाकत पोहोचली. तिनेच एदविनला लहानाचा मोठा केला होता. तिच्या एका हातात बिअरची बाटली आणि दुसऱ्या हातात रंगीत कागदी पताका!

"थांब! पोस्टरची चाल्या कुठे झालीय?"

एल आल्तोत नवं घर असो की नवा ट्रक, धरणीमायला बिअर शिंपडून, वर पताका घालून त्याची चाल्या केल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही. मावशीने तर नव्या प्रेशर कुकरलाही बिअर पाजली होती.

"मावशी, अगं कागद आहे तो! भिजेल!"

"शेजाऱ्यांचा ट्रक नव्हता भिजला? चालतोय ना?"

"ट्रक लोखंडाचा असतो!"

"धरणीमाय कागद-लोखंड बघत बसते होय? उलगड मुकाट्याने!"

एदविनने आशेने सरांकडे पाहिलं. सर शास्त्रज्ञ होते, पण एल आल्तोचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी टोपी काढली आणि पोस्टरचं दुसरं टोक धरलं.

मावशीने चार कोपऱ्यांवर बिअर शिंपडली, वर पताका पसरल्या. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. "गुंडाळ, गुंडाळ!" असा एकच गलका झाला आणि पताकांसकट सगळं पोस्टरच्या पुठ्ठ्याच्या नळीत कोंबलं गेलं.

कुस्कोला सभागृहात पोस्टर उघडलं, तेव्हा एदविनच्या तोंडचं पाणी पळालं. एक ओली पताका आलेखाला चिकटून बसली होती. ती सोलून काढली, तर तिचा रंग कागदावर उतरलेला! निळी रेघ खाली जात होती आणि एक झोकदार गुलाबी रेघ वर चढत होती.

"सर, पुसू का?"

"नको, भोक पडेल! कुणी विचारलं तर खरं सांग."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर देवाचे आभार मान."

पदवीचं पोर म्हणून त्याला स्वच्छतागृहाजवळचा कोपरा मिळाला होता. तिकडे घाईघाईने निघालेले ब्राझीलचे जाडजूड तेव्हेससाहेब पोस्टरसमोर थबकले.

"वाळता वाळता वजन वाढतंय? इर्मा, लवकर इकडे ये!"

लिमाच्या डॉक्टर इर्मा पालोमिनो आल्या. "शक्यच नाही!"

"का नाही? रात्रीचं दव पडतं की!"

"दवाने एवढं? बटाटा काय समुद्रात वाळवलाय?"

आवाज चढले. गर्दी जमली. लोक गुलाबी रेघेचे फोटो काढू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "हे काम छापून यायलाच हवं!" गप्प राहिलं तर नाव होणार, वर्गाची वाट मोकळी होणार! मोह फार झाला. पण सर समोरून बघत होते.

"ती रेघ बटाट्याची नाही," तो कसाबसा म्हणाला. "पताकेची आहे. माझ्या मावशीने पोस्टरची चाल्या केली."

मग कुस्कोच्याच एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने गंभीरपणे विचारलं, "चारही कोपऱ्यांवर शिंपडली का?"

"हो."

"मग हरकत नाही."

तेव्हेससाहेब पोट धरधरून हसले आणि ज्या कामाला निघाले होते, तिकडे पळाले. इर्माबाई मात्र हलल्या नाहीत.

"बरं, आता खऱ्या रेघेचं बोल. ही मध्येच का अडखळते?"

हा प्रश्न त्याने घोकलाच नव्हता! "माहीत नाही," एदविन म्हणाला. आता हसतील, असं त्याला वाटलं.

"मलाही नाही माहीत," बाई खूश होऊन म्हणाल्या. "तुडवताना साल निघते, त्यामुळे असेल?"

"तेही माहीत नाही. पण साल ठेवून आणि काढून, दोन्ही वाळवून बघता येईल!"

मग दोघं जमिनीवरच बसले आणि कागदावर खरडत सुटले. जाणारे-येणारे वाकून आपलंही मत देऊन जात होते. इथे आपली परीक्षा कुणी घेतच नाहीये, हे एदविनच्या ध्यानात आलं आणि त्याला फार बरं वाटलं. उठताना बाई म्हणाल्या, "सुट्टीत दोन महिने माझ्या प्रयोगशाळेत ये. आणि पुढच्या वर्षी वर्गातली आणखी पोरं आण!" मोंतान्यो सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच विभागात फोन लावून ही बातमी जरा मोठ्यानेच सांगितली.

एदविनने मावशीला फोन लावला. त्याला आकाश ठेंगणं झालं होतं.

"मावशी! लिमाच्या बाईंनी मला बोलावलंय! म्हणाल्या, अख्ख्या परिषदेत 'माहीत नाही' म्हणणारा तूच पहिला भेटलास!"

"म्हणजे पोरा," मावशी म्हणाली, "एवढं शिकून, बसमध्ये हाडं खिळखिळी करून, 'माहीत नाही' हे सांगायला तू कुस्कोपर्यंत गेलास? अरे, ते तर तू मला घरबसल्या रोज सांगतोस!"