चुकीची शीळ

आमच्या सोसायटीत सकाळी दूध आणायला खाली उतरलात, तर पिशवी घेऊन वर जाण्याआधी तुम्हाला एखाद्या पक्ष्याचा आवाज तोंडाने काढून दाखवावा लागतो. गेटजवळच्या बाकावर मोकलकाका बसलेले असतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काय ऐकलंस?" एवढाच प्रश्न. 'कोकीळ' असं नुसतं उत्तर दिलंत, तर हात उडवून म्हणतात, "नाव नको. करून दाखव."

मग तुम्ही, बायकापोरांचे, चारचौघांत मान असलेले गृहस्थ, भर रस्त्यात 'कुऊऽ' करता. काका डोळे मिटून ऐकतात आणि निकाल देतात, "रिजेक्ट."

मोकलकाका मूळचे पेणकडचे. रोह्यात कंपनीत लागले आणि शेजारच्या वरसे गावात आमच्या इमारतीत स्थायिक झाले. जन्मभर कंप्रेसरपाशी शिफ्ट केल्यामुळे त्यांच्या कानांतून बारीक आवाज कायमचे गेले. ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो, सोसायटीच्या सभेतली भांडणं तर दारं लावूनही ऐकू येतात. पण इवल्याशा शिंजिराची चिवचिव नाही. तेवढ्यासाठी ते आमचे कान वापरतात. भारद्वाजाचं कुणी कौतुकाने सांगितलं, तर तुच्छतेने म्हणतात, "तो मला ऐकू येतो. पुढचा."

आमचे चेअरमन शिर्के पार्किंगच्या नोटिसा फार कडक भाषेत लिहितात. यंदा वैशाखात ते तांबट करून दाखवायला उभे राहिले. तांबटाचं काम तसं सोपं. टुक, टुक, टुक, दिवसभर एकाच सुरात. शिर्क्यांनी त्याचंही भाषण केलं. मध्येच थांबले, घसा खाकरला आणि शेवटी आवाज चढवला. काका म्हणाले, "हा तांबट निवडणुकीला उभा हाय काय?" तेव्हापासून शिर्के दूध घरपोच मागवतात.

माझी काकांच्या तावडीतून सुटका नाही, कारण माझं वह्यापुस्तकांचं दुकान नदीपलीकडे अष्टमी गावात आहे आणि पुलावरून रोज जाणारा माणूस काहीतरी ऐकतोच, असा त्यांचा समज आहे. गेल्या वर्षी गणपती आणायला पेणला निघालो, तर म्हणाले, "मूर्ती घेतलीस की खाडीच्या बांधावर जा. तुतवार आला असंल. ऐकून ये." मी मूर्ती मांडीवर घेऊन टेम्पोत बसलेलो, आणि टेम्पो मिठागराच्या बांधावर उभा. ड्रायव्हर विचारतो, "शेठ, विसर्जन इथंच काय?" तुतवार बोलला. मी तो 'टी-टी-टी' रोह्यापर्यंत तोंडात घोळवत आणला. काका म्हणाले, "रिवर्क कर."

हिवाळ्यात एकदा पुण्याचे पक्षीनिरीक्षक आले. कपडे पानापाचोळ्याच्या रंगाचे आणि गाडी लालभडक. पक्ष्याच्या पापणीचासुद्धा फोटो त्यांच्याकडे होता. काकांनी सगळे शांतपणे पाहिले आणि विचारलं, "आता बोलतो कसा, ते कोण करून दाखवतो?" पुणेकर एकमेकांकडे बघायला लागले. "मग काय उपयोग? फोटो बोलतो काय?" असं म्हणून काका उठून गेले.

आता हे सगळं सुरू कधी झालं, तर गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर. हातपाय हळूहळू परत आले, वाचा काही आली नाही. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, बोलतं करत राहा. काकू मिठागरावरच्या घरातल्या, तोंडाने फटकळ. त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून गेटपर्यंत यायचा. त्यांच्या घरात एवढी शांतता आम्हाला कुणालाच सहन होत नव्हती. सोसायटीला यावर मत असणारच. बायको वर मुकी बसलीय आणि हा माणूस खाली चिवचिवाट गोळा करतोय, असं ते मत होतं.

यंदा श्रावणात मी खांब गावात बहिणीकडे गेलो होतो. घरामागच्या ओढ्यावर शीळकरी कस्तूर शीळ घालत होता. अगदी माणसासारखी शीळ, चाल अर्धवट आठवणाऱ्या रिकामटेकड्या माणसाची. मी ती पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी बाकासमोर उभा राहून घातली.

काकांनी डोळे उघडले. "पास," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. मग माझा दंड धरून मला वर घेऊन गेले.

जिन्यात मी म्हटलं, "काका, मोबाईलवर सगळे आवाज मिळतात की."

"मिळतात. पण ते बरोबर असतात."

"म्हणजे?"

ते कठड्याला धरून उभे राहिले. "अरे, हिला सगळ्या पाखरांचं तोंड पाठ. रोज सकाळी कोण काय बोललं ते करून दाखवायची. मी तसं करायला गेलो की खवळायची. आता मोबाईल लावला तर नुसती ऐकते. मी चुकलो की कपाळाला आठी पडते, ओठ हलतात. तुमच्याकडून बरोबर घ्यायचं आणि चुकायचं ते मी. तुमच्या चुकीवर ती कशाला खवळंल?"

इतके दिवस आम्ही त्यांना हसत होतो.

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मी शीळ घातली. पाहुण्याचं ऐकावं तसं त्यांनी सौजन्याने ऐकलं. मग काकांनी ओठांचा चंबू केला. पण त्यांची कवळी नवी, ती शिळेला दाद देईना. त्यांनी ती काढून रुमालात ठेवली आणि जोर लावला. नुसती वाफ निघाली. पुन्हा लावला. सायकलच्या चाकातून निघावी तशी हवा गेली.

काकूंच्या कपाळावर आठी उमटली. ओठ थरथरले, एका बाजूला ओढले गेले.

"ना...य," काकू बारीक आवाजात म्हणाल्या. मग अजून जरा ठसक्यात, "नाय!"

काका मान खाली घालून रुमालाशी झगडत होते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. "काका, काकू बोलल्या."

त्यांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग काकूंकडे. काय बोलली, हे त्यांनी मला विचारलं नाही. खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसले, आधीपेक्षाही वाईट अशी एक फुंकर मारली आणि घाईघाईने कान काकूंच्या तोंडाला लावला.

काकू खवळल्या. चांगल्याच खवळल्या.