अंडरटेकर, मुक्काम सूर्यमाळ

केंद्र सरकारच्या श्रम आणि रोजगार मंत्रालयाने विनोद वारघडेला अंडरटेकर केलं, असं सूर्यमाळेत पुष्कळ जण सांगतात. खुद्द विनोदला ते मान्य नाही. “मंत्रालयाचा काय दोष?” तो म्हणतो. “त्यांनी इचारलं, मी सांगितलं. शहाणपणा माझा, छापला त्यांनी.”

झालं ते असं. असंघटित कामगारांची नोंदणी करायला मोखाड्यात शिबिर लागलं होतं. माइकवर एक साहेब सांगत होते, की आता दिल्लीच्या मंत्रालयाला देशातला एकेक कामगार ठाऊक होणार, कोण काय काम करतो ते तिथं बसून दिसणार. विनोदच्या अंगावर काटा आला. तो मजुरीला जाई, आणि कुणाला माणसं हवी असली की स्वतःच्या जुन्या जीपमधून चार जणांना घेऊन जाई. एवढ्यावर तो स्वतःला ठेकेदार समजत असे. हे समजणारा तो एकटाच होता.

संगणकावर बसलेल्या प्राजक्ताने विचारलं, “विनोददादा, धंदा काय टाकू? शेतमजूर?”

दिल्लीला शेतमजूर म्हणून दिसणं विनोदला पटेना. तो पडद्यावर वाकला. इंग्रजी यादी सरकत होती. एका शब्दावर त्याने बोट ठेवलं. “हा टाक. अंडरटेकर.”

“याचा अर्थ काय हो? थांबा, मराठीत बघू.”

“मला शिकवतेस? हाफिसात आपल्याकडनं अंडरटेकिंग लिहून घेतात का नाय? काम अंगावर घेतो, असं. मग घेणारा कोण? अंडरटेकर.”

प्राजक्ताने तेच टाकलं. मागे रांगही मोठी होती.

आठवडाभरात जव्हारच्या बसस्टँडबाहेर, विनोदची जीप जिथं उभी राहते तिथं, रंगवलेली पाटी लागली: ‘विनोद स. वारघडे, अंडरटेकर. केंद्रीय श्रम मंत्रालय नोंदणीकृत. माणसं वेळेवर पोचवली जातील.’ खाली फोन नंबर. बायको रखमी म्हणाली, “लोकांना कळंल असं तरी लिव्हायचंस.” विनोद म्हणाला, “ज्याला कळायचं त्याला कळंल.”

वैशाख होता. पावसाआधी भात-नाचणीची रोपं टाकायची जागा पाला, काटक्या, गोवऱ्या घालून भाजतात, त्याला राब म्हणतात. या दिवसांत विनोदकडे येणारी कामं बहुतेक राबाचीच. अशात एका सकाळी फोन वाजला. बाई शहरी बोलत होती.

“अंडरटेकर ना आपण? मी हर्षाली. जव्हारमधून बोलतेय. बसस्टँडवर तुमची पाटी बघितली.”

“हो ताई. मंत्रालयाकडं नोंद हाय.”

“बाबांचं करायचंय. माझा भाऊ परदेशात आहे, त्याला येता येणार नाही. मला इथलं काही ठाऊक नाही.”

“तुम्ही कायपण काळजी करू नका,” विनोद म्हणाला. “बाबांचं काम म्हंजे आपलंच. खणायचं हाय, का भाजायचं?”

पलीकडून हळूच आवाज आला, “आमच्यात... अग्नी देतात.”

शहरातले लोक राबालाही काय नाजूक बोलतात, असं विनोदला वाटलं. “लाकूड तुमचं का आमचं?”

“सगळं तुम्हीच आणा.”

“गोवऱ्यापण आणतो. माणसं चार बास. ऊन चढायच्या आत मोकळं करतो तुम्हाला.”

फोन ठेवून तो रखमीकडे वळला. “बघ. दिल्लीनं काम पाठवलं.”

पाड्यावरचा बुधा आणि आणखी तिघांना घेऊन, मागे लाकडं नि गोवऱ्या रचून, गाणी लावून जीप जव्हारला निघाली. बंगल्यासमोर आल्यावर विनोदने दोनदा हॉर्न वाजवला, तोंडातलं पान थुंकलं आणि फाटकातूनच विचारलं, “ताई, बाबा कुठं हायेत? आधी जागा दाखवू दे त्यांना.”

दारात उभ्या असलेल्या बाईचे डोळे सुजलेले होते. “बाबा आत आहेत,” ती म्हणाली.

“मग उठवा की. काम त्यांचं नि तेच निजून?”

व्हरांड्यात शेजारच्या दोनतीन बायका बसल्या होत्या. त्यांचे पदर तोंडाशी गेले ते तिथंच राहिले. जीपमधली गाणी तेवढी चालू होती. त्या चौघांत वयाने मोठा बुधाच. तो विनोदच्या बाजूने पुढे आला, त्याने दारातून आत एक नजर टाकली आणि पायातल्या चपला काढल्या.

“इनोद,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “गाणा बंद कर. म्हातारा गेला हाय.”

त्या क्षणी जमीन फाटली असती तर आपण आनंदाने आत गेलो असतो, खणायचं कामही कुणाला पडलं नसतं, असं विनोद आता सांगतो. पण जमीन फाटली नाही. जीपकडे जाऊन त्याने गाणी बंद केली. परत आला तेव्हा बुधाने रस्त्यापलीकडून बांबू मागून आणले होते आणि तो ते तिरडीच्या मापाला लावून बघत होता. बाकीच्यांनाही काही सांगावं लागलं नाही. पाड्यावर असं काम कुणी ठेक्याने देत नाही. कुणी गेलं की सगळे जातात. आणलेल्या लाकडांतलं एकही परत न्यावं लागलं नाही. विनोदने खांदा दिला आणि शेवटपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडलं.

सगळं उरकल्यावर हर्षाली बंगल्याच्या पायरीवर बसली. “तुमच्यामुळे नीट झालं,” ती म्हणाली. “खूप वर्षं करताय का हे काम?”

विनोदला खोटं बोलायची संधी चालून आली होती. एरवी त्याने ती दवडली नसती.

“ताई, एक इचारू? अंडरटेकर म्हंजे काय?”

“माणूस गेला की त्याचं शेवटचं सगळं बघणारा,” तिने सांगितलं. “मला वाटलं, ठेकेदार,” तो म्हणाला. “मी राब भाजायला आलतो.”

हर्षालीने त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या जीपकडे पाहिलं. “म्हणजे ते खणायचं का भाजायचं...” एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, पुन्हा हसली. “बाबांना सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “आठवडाभर हसले असते.”

बातमी विनोदच्या आधी सूर्यमाळेला पोचली. पुढचे काही दिवस तो चहाला गेला की लोक उठून जागा देत, आणि जरा लांबच बसत. पाटी काढायचं त्याने पक्कं केलं होतं. तेवढ्यात खालच्या पाड्यावरची म्हातारी हौशी आली. त्या पाड्याला रस्ता नाही. नुसती चढणीची पायवाट आहे.

“तू माणसं नेतंस, असा ऐकला,” ती म्हणाली. “मेल्यावरच नेतंस, का आधीपण?”

विनोदने असा विचार केला नव्हता. “आधीपण नेऊ, आजी,” तो म्हणाला.

लवकरच निरोप आला, हौशी पडून आहे. विनोदने माणसं गोळा केली. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, म्हातारीला तीत घातलं आणि सगळे पायवाटेने चढू लागले. चढण संपेना. बुधा धापा टाकत म्हणाला, “जव्हारचा बाबा हलका होता.” झोळीतून म्हातारी नुसती कण्हत होती. विनोद ‘आलंच, आजी, आलंच’ करत तिला धीर देत होता. वर रस्त्याला लागल्यावर तिला जीपमध्ये घातलं. जीप मोखाड्याला दवाखान्याशी उभी राहिली, तेव्हा त्याचा सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता.

हौशी उठून बसली. तिने लुगडं नीट केलं आणि स्वतःच खाली उतरली.

“बाजाराकडं कसा जायाचा?” तिने विचारलं. “माझी लेक तिथं भाजी घेऊन बसते. लय दिवस भेट नाय.”

“आजी, तू आजारी हायेस ना?”

“होते,” हौशी म्हणाली. “तुम्ही आलात नि बरा वाटला.” ती दोन पावलं गेली आणि वळली. “सांजच्याला इथंच थांबा. नि तुझ्या त्या दिल्लीच्या साहेबाला कळव, हौशीला माणसं चांगली मिळाली.”

विनोदने बुधाकडे पाहिलं. बुधा सावली बघून केव्हाच आडवा झाला होता.