भालेरावची वडीलधारी मंडळी

हायवेला लागताना भालेराव नमस्कार करतो. रॅम्पचं वळण संपलं आणि गाडी मुख्य रस्त्याला मिळाली, की त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटतो, छातीला लागतो आणि सावकाश जागेवर जातो. त्याच वेळी डावीकडून मालाचे ट्रक सुसाट येत असतात. शेजारी बसलेल्या माणसाला देव आठवतो, पण भालेरावचा नमस्कार देवाला नसतो. तो चौतिसाव्यांना असतो.

चौतिसावे म्हणजे अमेरिकेचे चौतिसावे अध्यक्ष. देशभर पसरलेलं हे हायवेंचं जाळं त्यांच्या काळातलं. "माणूस लढाईवर गेला, तिकडचे रस्ते बघून आला आणि म्हणाला, आपल्याकडे पण असे पाहिजेत," असं भालेराव सांगतो, तेव्हा चौतिसावे वर्ध्याला त्याच्या घरी पाणी पिता पिता हे बोलून गेले असावेत असं वाटतं.

आम्ही दोघं डेट्रॉइटजवळ नोव्हायला शेजारी राहतो आणि एकाच कार कंपनीत गाड्यांच्या दरवाजांची डिझाइनं करतो. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी, अशी आमची कित्येक वर्षांची वाटणी आहे. माझ्या आठवड्यात तो शेजारच्या सीटवरून नमस्कार करतो, आणि मी करत नाही म्हणून जरासा नाराज असतो.

एकाही अध्यक्षाचं नाव मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. वडीलधाऱ्यांना आपल्याकडे कुणी नावाने हाक मारतं का, असं त्याचं म्हणणं. म्हणून सगळे आकड्यांनी. बाविसावे आणि चोविसावे हे एकच गृहस्थ होते याचं त्याला काही वाटत नाही. मधली चार वर्षं ते घरी होते, एवढंच. हयात अध्यक्षांबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नाही. ऑफिसात कुणी विषय काढलाच तर "व्हिसाचं स्टँपिंग बाकी आहे, यार," म्हणतो आणि कॉफी आणायला उठतो.

घरातसुद्धा याच मंडळींचं राज्य. युरोपातल्या राजांनी आमच्या गोलार्धात लुडबुड करू नये, असं पाचव्यांनी बजावलं होतं. ही हकिकत ऐकून ऐकून शैलावहिनींनी ती स्वयंपाकघराला लावली. ओटा हा त्यांचा गोलार्ध. भालेराव फोडणीबद्दल काही सुचवायला गेला की त्या झारा हातात घेऊन नुसतं "पाचवे" म्हणतात, आणि हा निमूट बाहेर येतो.

एकदा आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणावरून भांडण झालं. काहीजण फुटले आणि त्यांनी आपला वेगळा गणपती बसवला. पहिल्या दिवशी त्यांचा केटरर आलाच नाही. आमच्याकडे सगळ्यांना बरं वाटलं, नाही कशाला म्हणा. भालेराव मात्र खिचडीचे मोठाले ट्रे घेऊन तिकडे हजर. युद्धानंतर तेहेतिसाव्यांनी पडलेल्या युरोपला असंच सावरलं होतं, म्हणे. शत्रूलासुद्धा. आता दोन्ही मंडळं दर वर्षी हक्काने त्याच्याकडे खिचडी मागतात आणि भांडण आहे तिथेच आहे.

हिवाळ्यात सकाळी अंधारातच निघायला लागतं. बर्फ भुरभुरत असतो, काचेवर वायपर फिरत असतात आणि भालेरावचा आवाज एका लयीत चालू असतो. सव्विसाव्यांनी जंगलं राखली. बत्तिसाव्यांनी बेकारांना कामाला लावलं, म्हाताऱ्यांना पेन्शन दिलं, खेड्यांत वीज नेली. मला डुलकी लागते. अर्धवट झोपेत रस्त्याच्या कडेने लांब कोटांतली म्हातारी माणसं ओळीने बर्फातून चालताना दिसतात. कुणाच्या हातात कंदील, कुणाच्या हातात रोप. त्यांची भीती वाटत नाही. वाटतं, ही आपल्याला ऑफिसपर्यंत सोडायला आली आहेत.

सगळ्यांत लाडके छत्तिसावे. आपल्याकडच्यांना इथे यायला खरं दार उघडलं ते त्यांनी सही केलेल्या कायद्याने. आपण सगळी छत्तिसाव्यांची लेकरं, असं भालेराव म्हणायचा. पण त्याच कायद्याने लहान-मोठ्या सगळ्या देशांना सारखीच फट ठेवली आणि पुढे कोणी ती धड रुंद केली नाही. त्यामुळे आपल्याएवढ्या मोठ्या देशाची ग्रीन कार्डाची रांग सरकता सरकत नाही. भालेराव त्या रांगेत उभा होता आणि त्याच्या अर्जात त्याची मुलगी ऋता होती.

ऋता शैलावहिनींच्या मांडीवर बसून या देशात आली. तिची शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, बर्फात गाडी चालवायला शिकली तीही इथेच. पण मुलं आईबापांच्या अर्जात असतात ती एकवीस पूर्ण होईपर्यंतच. नंतर नाव गळतं. माझा नंबर आधी लागला म्हणून माझा मुलगा राहिला. यात माझी हुशारी काहीच नाही. मी आधी आलो, इतकंच.

ऋताचं एकविसावं वर्ष संपत आलं तशा भालेरावच्या गाडीतल्या हकिकती कमी होत गेल्या. वकीलबाईंनी करता येण्यासारखं सगळं केलं. ऋतासाठी स्टुडंट व्हिसा मागून पाहिला, तोही झाला नाही. एक दिवस मीच न राहवून विचारलं, अशा वेळी तुझ्या मंडळींपैकी कोण काय करतं? "कुणाकडे काही नाही रे," भालेराव म्हणाला. विचारल्याचं मला फार वाईट वाटलं.

ऋताने कॅनडात विंडसरला ॲडमिशन घेतली. टोरांटोलाही मिळाली होती, पण विंडसर डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर. इकडून तिथल्या इमारती दिसतात. "इट्स फाइन, बाबा, मी दिसेन तुला," असं म्हणून ती गेली. तिला परत यायला आता व्हिसा लागतो. भालेरावच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली, बाहेर गेला तर परत येता येईल याची खात्री नाही, आणि सध्या देशाबाहेर पाऊल टाकू नका, असं वकीलबाईंनी बजावलेलं. मधे एक नदी आणि नदीवर पूल, पण भालेराव त्यावरून जाऊ शकत नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी तो मला नदीवर घेऊन गेला. शैलावहिनींना सर्दी होती, आणि एकटं जायला नको वाटतं, म्हणाला. पाण्यावर पातळ धुकं होतं. पलीकडच्या इमारती त्यात तरंगल्यासारख्या दिसत होत्या. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. न विचारताच तो बोलायला लागला.

"लहानपणी ऋताला रोज झोपताना राजाची गोष्ट लागायची. आपले राजे सांगितले तर ते हिला लांबचे वाटायचे. मग मी इथले सांगायला लागलो. नावं सांगितली असती तर ती शाळेतली झाली असती. नंबरांनी सांगितले की आपले आजोबा, पणजोबा असल्यासारखे वाटायचे. हिला कधी वाटू नये, आपण इथे पाहुणे आहोत."

इतकी वर्षं मी हसत होतो ती सगळी मंडळी या माणसाने एका मुलीसाठी घरात आणून बसवली होती.

फोन वाजला. भालेरावने तो स्पीकरवर लावला. पलीकडच्या काठावर धुक्यात एक पिवळा ठिपका दिसला. ते ऋताचं जॅकेट. ठिपका हलला. भालेरावने हात उंच केला आणि हलवत राहिला. बोलणं साधंच चाललं होतं: आईची सर्दी, रूममेटचा स्वयंपाक, थर्मल घातलेस का. तेवढ्यात वरच्या अंगाने एक लांबलचक मालवाहू जहाज आलं आणि आमच्या मधून जायला लागलं. पाणी दिसेना, पलीकडचा काठ दिसेना, समोर नुसती लोखंडी भिंत सरकत होती.

भालेरावचा हात वरच होता. आता ती दिसत नाही, तूही तिला दिसत नाहीस, असं मी त्याला सांगणार होतो. तेवढ्यात फोनमधून ऋताचा आवाज आला.

"बाबा, हात खाली घे ना आता. खांदा दुखेल."

"घेतला, घेतला," भालेराव म्हणाला. जहाज पूर्ण निघून जाईपर्यंत त्याचा हात तसाच वर होता.