हसुराम विचारून बघतो

२०२३ साली हसुराम अडुसष्ट वर्षांचा होता आणि विचारल्याशिवाय स्वतःच्या घराचं दार उघडत नव्हता.

विचारायचा ते माणसाला नव्हे, दाराला. उंबऱ्याशी उभा राहायचा, दोन बोटांनी टकटक करायचा, मान तिरकी करून म्हणायचा, "मर्जी हाय का?" मग थांबायचा. दार हो म्हणालं तर आत जायचा. नाही म्हणालं तर विहिरीच्या बाजूने वळसा घालून परसदाराने. तिथंही विचारायचा, पण परसदाराने त्याला कधी अडवल्याचं मला आठवत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्याचा ओटा आणि माझा ओटा समोरासमोर. मधे एक गल्ली, तीही दोन बैल गेले तर तिसरा थांबेल एवढी. आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं. आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि आम्ही मधे ताटातल्या लोणच्यासारखे उरलोय. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. शाळा चौथीत सुटली, पण लाकूड मला वाचता येतं. खाडीत चालणाऱ्या होड्या बांधण्यात जन्म गेला आणि माझ्या हातची एकही होडी पाणी प्यायली नाही. हे पुढं कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर हसुराम. मासळी बाजारातून येताना रिक्षाला हात करायचा. रिक्षा थांबली की टपावर दोन बोटं वाजवायची. "मर्जी हाय का?"

रिक्षावाला म्हणायचा, "बसा ना काका, चाललोच आहे."

"तुला नाय, तिला इचारतो."

एकदा पैसे काढायच्या मशीनपुढं उभा होता. मागं सातआठ माणसं. याने मशीनला विचारलं, मान तिरकी केली, ऐकलं आणि बाजूला झाला. "आज नाय बोलते," म्हणाला. मागच्या चष्मेवाल्या बाईने कपाळाला हात लावला आणि आपलं कार्ड घातलं, तर मशीन खरंच बंद. हसुरामने तिच्याकडे असं बघितलं की जणू मशीन त्याची सख्खी मावशी. त्या दिवसापासून तर त्याला आवरणं मुश्कील झालं. खारघरला त्याच्या व्याह्याकडे आम्ही दोघं सातव्या मजल्यावर गेलो तेव्हा लिफ्ट नाही म्हणाली. सात मजले चढलो. मी बहात्तर वर्षांचा माणूस, पण त्याच्याआधी वर पोचलो.

लोक म्हणायचे हे क्रेनमुळं झालं. जासईच्या कंटेनर यार्डात तीस वर्षं क्रेन चालवली याने. एखादी पेटी सुटली असेल, धसका घेतला असेल. मीही चारचौघांत हेच सांगायचो. कारण माहीत नसलं तर मी गप्प बसत नाही, तो माझा स्वभाव नाही.

यार्डातच त्याला ती गिटार मिळाली. गोव्याकडचा एक क्रेनवाला निवृत्त होऊन गावी गेला, जाताना याला गिटार देऊन गेला आणि बोटं ठेवायच्या तीन जागा शिकवून गेला. चौथी जागा हसुरामने कधी शोधली नाही. "आपले सगले धवले तीनात बसतात," म्हणायचा. "चवथी कशाला पायजे?"

धवले म्हणजे आमची लग्नाची गाणी. आमच्यात लग्न म्हटलं की धवलारीण आली. हळद कुटण्यापासून मुलगी पाठवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा वेगळा धवला, आणि तो तिने म्हटल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. निदान पूर्वी हलत नव्हतं. हसुरामची बायको बामीबाय ही पाच गावांची धवलारीण होती. तिचा आवाज निघाला की मांडवातली रडणारी पोरं गप्प व्हायची आणि गप्प बसलेल्या आया रडायच्या. पुढं डीजे आला, माणसाहून उंच बॉक्स आले आणि बामीबाय मांडवात दिसेनाशी झाली. तिने सोडलं, एवढंच गावाला माहीत.

त्या वर्षी हसुरामच्या नातीचं, प्रणालीचं लग्न ठरलं. एका संध्याकाळी हसुराम गिटार पोटाशी धरून माझ्या ओट्यावर आला. ओट्याला विचारून बसला.

"लक्षा, हिच्या पोटात मायक बसवायचाय. हलदीला धवले झाले पायजेत. बॉक्सातनं झाले पायजेत. त्या डीजेच्या समोर."

"दुकानात दे ना. पनवेलला वाद्यांचं दुकान आहे."

"गेलतो. बोलला, दोन दिस ठेवून जा. परक्याच्या घरी पोर ठेवू? सामान घेतलं नि आलो."

सामान म्हणजे शेवयेसारखी एक बारीक पट्टी, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढं पितळी सॉकेट. सोबत इंग्रजी कागद. मी तो सुलटा धरला, उलटा धरला. त्यात चित्रं होती आणि चित्रांत बाण होते. बाण मला कळतात. गिटारच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती पट्टी घोडीतून काढायची, तिच्याखाली ही शेवई घालायची, वायर पोटातून नेऊन सॉकेट बुडातून बाहेर काढायचं. बुडाला पट्टा अडकवायची खुंटी असते. ती उपटायची आणि तिथलं भोक मोठं करायचं.

"एका सकाळचं काम," मी म्हणालो. "आण इकडे."

"थांब. तिला इचारू दे."

त्याने गिटारच्या पाठीवर दोन बोटं वाजवली. मान तिरकी केली. मी गिरमिट हातात घेऊन उभा.

"नाय बोलते."

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पंधरा दिवस रोज संध्याकाळी गिटार येत होती आणि रोज नाही म्हणून जात होती. हळद नऊ दिवसांवर आली. शेवटी मीच तिच्या पाठीवर टकटक केली, कान लावला आणि म्हणालो, "हो म्हणाली."

"तुला कशी सांगंल? तू सुतार हायस."

माझं डोकं फिरलं. "अरे, गिरमिट तिच्या डोळ्यासमोर नाचवतोय आपण. बोकडासमोर सुरी धरून कोणी विचारतं का?"

हसुराम विचारात पडला. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून गिरमिटावर टाकला, गिटारचं तोंड खाडीकडे फिरवलं आणि पुन्हा विचारलं. या वेळी फार वेळ ऐकलं.

"हो बोलली. पन हलू कर, बोलली."

मी हळूच केलं. खुंटीला फडकं गुंडाळून पकडीने ओढली. भोकाभोवती चिकटपट्टी लावली, म्हणजे रंगाचे टवके उडू नयेत. यंत्र न लावता हाताने गिरमिट फिरवत एकेक सूत वाढवत गेलो. घोडीच्या खाचेत वायरीपुरतं बारीक भोक पाडलं. शेवईच्या जाडीएवढं हाड पॉलिश पेपरवर घासून कमी केलं, नाहीतर तारा उंच होतात. आता सॉकेट आतून बुडाच्या भोकात आणायचं कसं? हात गिटारच्या गोल तोंडातून आत जाईना. कागदावरच्या बाणांना तिथं काही सुचलं नव्हतं. मी बुडाच्या भोकातून सुतळी आत सोडली, तिचं टोक तोंडातून वर काढलं, सॉकेटला बांधलं आणि खालून ओढलं. होडीला दोर ओवतात तसं. सॉकेट मुकाट्याने बाहेर आलं. हसुराम पूर्ण वेळ गिटारचा गळा धरून बसला होता. बाळंतिणीचा हात धरावा तसा.

इथवर काम चोख. पण फट दिसली की माझा हात थांबत नाही. होडीच्या दोन फळ्यांमधे कापूस ठासायचा आणि वरून राळ फिरवायची, ही सवय हाडात गेलेली. घोडीच्या खाचेत केसभर जागा दिसली. मी शेवईच्या खाली कापसाची पातळ गादी घातली, वर हाड बसवलं, बाजूने राळ फिरवली. सॉकेटभोवतीही तेच. थेंब आत जाणार नाही असं काम केलं.

भजनी मंडळाचा स्पीकर हसुरामच्या ओट्यावर आणला. वायर जोडली. हसुरामने पहिल्या जागी बोटं ठेवून तारा छेडल्या.

आवाज आला तो गोणीत घातलेल्या कोंबडीचा. दोन तारा तर बोलल्याच नाहीत.

"स्पीकर बाद आहे," मी म्हणालो.

"सकाली भजनाला चालला."

"मग तार जुनी असेल."

बामीबाय तिथंच सुपात जवळा, ती सुकी बारीक कोळंबी, निवडत बसली होती. इतक्या दिवसांत या प्रकरणात तिने एक शब्द काढला नव्हता. मान वर न करता म्हणाली, "लक्षुमन भावोजी, कापूस काढा तो. ताट गोधडीवर ठेवून ठोकलं तर वाजतंय काय?"

मी चपला घातल्या आणि घरी गेलो. चाळीस वर्षं ज्या कापसाने माणसं तरंगवली त्याला जवळा निवडणारी बाई नावं ठेवते म्हणजे काय? चार दिवस मी त्या ओट्याकडे पाठ करून बसलो. पाचव्या दिवशी तिची बाजू लाकडाला विचारून बघितली. शिसवाच्या फळीवर वाटी ठेवून वाजवली, मग गोधडीवर ठेवून वाजवली. मग गल्ली ओलांडली. म्हणालो, "लाकूड आता बसलं असेल, कापसाची गरज नाही." खरवडून खरवडून राळ काढली, शेवई थेट लाकडावर टेकवली, हाड वर दाबलं.

हसुरामने तारा छेडल्या आणि गल्ली भरली. समोरच्या माझ्या घरातली भांडी फळीवर थरथरली. टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने खिडकी उघडून खाली बघितलं. मी तिला हात केला, काम माझं म्हणून.

बामीबाय सूप उचलून आत गेली.

हळद तीन दिवसांवर होती. मी म्हणालो, "वाजली बघ. आता म्हणणार कोण?"

हसुरामने हनुवटीने आतल्या दाराकडे दाखवलं.

"ती हो म्हणाली?"

तो तारा पुसायला लागला.

"हसुराम. विचारलंस का तिला?"

"नाय."

मला हसू आलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू मावळलं.

हळू आवाजात त्याने सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मांडवात ती धवला म्हणत असताना पोरांनी मधेच बॉक्स सुरू केला. ती तोंड उघडं ठेवून उभी, आवाज कोणालाच नाही. तिथून तिला घरी आणताना याने ठरवलं, पुन्हा हिला असं उभं राहू द्यायचं नाही. पुढच्या महिन्यात आपटा गावाहून एक माणूस तिला लग्नाला न्यायला आला. याने दारातच सांगितलं, "ती नाय येत आता. गला बसलाय तिचा." तो माणूस गेला. हा आत वळला, तर ही हिरवं लुगडं नेसून, केसात फूल घालून दाराच्या मागं उभी. तिने सगळं ऐकलेलं. लुगडं फेडलं, घडी केली, पेटीत ठेवलं.

"पुन्हा कवा गायली नाय. भांडली असती तं बरं झालं असतं." त्याने गिटारवर दोन बोटं टेकवली, वाजवली नाहीत. "मी इचारलंच नाय रं, लक्षा. तिच्या बदली मीच बोललो."

क्रेनबिनचं कारण नव्हतंच.

"मग दाराला विचारतोस, रिक्षाला विचारतोस, तिलाच का नाही विचारत?"

"दार नाय बोललं तं परसदाराने जाता येतं," तो म्हणाला. "ती नाय बोलली तं कुठून जाऊ?"

मी स्पीकरची वायर गुंडाळली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर मिशरी लावत बसलो होतो. समोर बामीबाय, पुढ्यात जवळ्याचं सूप. आतून दार उघडलं. टकटक नाही, काही नाही, सरळ उघडलं. हसुराम बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. सवयीने दोन बोटं वर गेली. ती वाजवायला समोर काही नव्हतं. बोटं थोडा वेळ तशीच राहिली, मग त्याने ती सदऱ्याच्या खिशात घातली.

"बामे," तो म्हणाला, "मर्जी हाय का?"

तिने एक खडा काढला. आणखी एक काढला. सूप दोनदा पाखडलं. माझी मिशरी तोंडात तशीच.

"तारा खाली उतरव," ती म्हणाली. "आवाज आता तेवढा वर नाय चढवनार मना."

हसुराम आत गेला, गिटार घेऊन आला, तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि कोणालाही न विचारता तारांच्या खुंट्या सैल करायला लागला.