मऊ कवचाचा अर्ज

विषय : थंड पाण्यातील खेकडे खाण्याच्या हंगामातून सूट मिळणेबाबत.
संदर्भ : श्री. डेंगे, खेकडा, राहणार तिसरा खडक, यांचा अर्ज.

मुलांनो, उपरोक्त विषयाची हकिकत अशी.

एका जंगलात अस्वल महाराज राज्य करीत. जंगलाला लागून समुद्र होता. पाणी इतके थंड की मासेसुद्धा अंग चोरून पोहत. थंडी जितकी जास्त तितका खेकडा भरलेला, म्हणून मार्गशीर्षापासून माघापर्यंत महाराज रोज खेकडे खात.

हंगामाआधी खेकडे जुने कवच टाकून नवे धरतात. तेव्हा अंग मऊ आणि आत नुसते पाणी. एके वर्षी असा पाणचट खेकडा महाराजांच्या ताटात आला. महाराजांनी तो ताटासकट परत पाठवला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवे खाते उघडले. मऊ कवचाचा खेकडा खायचा नाही, असा नियम झाला. कवच मऊ की कडक हे ठरवायला बगळे साहेबांची नेमणूक झाली.

त्या वर्षी डेंग्यांनी कवच उशिरा टाकले. हंगाम दोन दिवसांवर आला तरी अंग मऊच.

"अहो, खडकाखाली बसून राहा," बायको म्हणाली. "फाल्गुनात बाहेर या."

"नियम आपल्या बाजूने असताना लपायचं कशाला?" असे म्हणून डेंगे तिरके तिरके चालत कचेरीत गेले.

बगळे साहेबांनी चोचीने त्यांची पाठ दाबली. पाठीला खळगा पडला.

"मऊ आहे," साहेब म्हणाले. "पण मला दिसून उपयोग नाही. कागदावर दिसलं पाहिजे. टाकलेलं कवच जोडा."

"ते मी खाल्लं, साहेब."

"पुरावा खाल्लात?"

"आम्ही बहुतेक सगळेच खातो. नवं कवच त्यानेच घट्ट होतं."

साहेबांनी 'पुरावा अर्जदाराने खाल्ला' असा शेरा मारला आणि खाताना पाहणारा साक्षीदार आणायला सांगितले. अर्ज मिळाल्याची पोच मात्र लगेच दिली.

साक्षीला शेजारचे कुर्ले आले. कुर्ले फार टापटिपीचे. त्यांनी आपले जुने कवच खाल्ले नव्हते. पायांसकट अखंड जपून ठेवले होते, आणि टाकल्याची तिथी घालून ते बरोबरही आणले होते. साहेब ते पाहून इतके हरखले की साक्ष राहिली बाजूला. त्याच दुपारी कुर्ल्यांना न मागता दाखला मिळाला : कवच कडक, मांस भरलेले, हरकत नाही.

कुर्ल्यांनी तो दाखला अख्ख्या खडकाला दाखवला. हंगामाच्या पहिल्या दिवशी महाराजांनी त्यांना खाल्ले. बरोबर भात होता.

साक्षीदारच उरला नाही, त्यामुळे डेंग्यांचा अर्ज जागच्या जागी राहिला.

पंधरा दिवसांनी तपासनीस पाणमांजरे खेकडे गोळा करीत तिसऱ्या खडकावर आले. तोवर डेंग्यांचे कवच दगडासारखे झाले होते. पाणमांजऱ्यांनी ते वाजवून पाहिले. खणखणीत वाजले.

"चला," ते म्हणाले.

डेंग्यांनी अर्जाची पोच पुढे केली.

पाणमांजऱ्यांनी ती दोनदा वाचली. "म्हणजे तुम्ही मऊ आहात की नाही, याचा निर्णय व्हायचाय?"

"हो, साहेब."

"मग तुम्ही कडक आहात असं मला म्हणता येत नाही," पाणमांजरे खिन्नपणे म्हणाले, आणि पुढच्या खडकाकडे वळले.

ही गोष्ट महाराजांच्या कानावर गेली. त्यांनी स्वतःच्या पंजाने अर्जावर 'तातडीचे' असे लिहिले. त्यामुळे अर्ज तातडीच्या गठ्ठ्यात गेला. तो गठ्ठा सोडायला वेगळी मंजुरी लागते, आणि ती कोणी द्यायची हे अजून ठरलेले नाही.

डेंगे सरळमार्गी. अर्जाचे काय झाले म्हणून ते कचेरीत चौकशीला निघाले. बायकोने त्यांना दारातच अडवले.

"विचारायला गेलात, तर मीच तुम्हाला शिजवीन," ती म्हणाली.

डेंगे घरी बसले.

तात्पर्य : मुलांनो, आपली कागदपत्रे नेहमी पूर्ण आणि नीटनेटकी ठेवावीत. स्वयंपाक्याला बरे पडते.

श्री. डेंगे यांचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.