अहवालाची पोच

काळूरामदादांनी बत्तीस वर्षं ग्रामपंचायतीत कारकुनी केली, पण आलेल्या एकाही कागदाची पोच दिल्याशिवाय कधी घरचा रस्ता धरला नाही. निवृत्तीनंतर शहापूरच्या बालवाचनालयाचं सचिवपद गळ्यात पडलं, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी आवक-जावक वही आखून घेतली. त्यामुळे वाचनालयाच्या मेलवर ‘अहवाल’ आला तेव्हा ते ताठ बसले.

"भावना, हा कसला गो अहवाल? चौकशी लागली का काय आपली?"

भावना ग्रंथपाल. वाचनालयाच्या नावाचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तिनंच घेतला होता. "चौकशी नाय, दादा. आपल्या नावानं कुठून कुठून मेल निघाले, त्यातले खरे किती नि खोटे किती, त्याचा रोजचा तक्ता. मेल कंपनीचं मशीन पाठवतं. आपण नुसता वाचायचा."

"कागद आला नि पोच नाय? असं कुठं असतं?"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, भावना चार दिवसांच्या प्रशिक्षणाला ठाण्याला गेली आणि दादांचे हात मोकळे झाले. भाच्यानं त्यांच्या मोबाइलवर एक फुकटचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. त्यात पत्राच्या डोक्यावर वाचनालयाचं नाव यायचं, पायाशी गोल शिक्का उमटायचा आणि पाठवणाऱ्याच्या जागी वाचनालयाचा पत्ता लागायचा. दादांनी मशीनला पोच धाडली आणि माहितीसाठी एकेक प्रत कार्यकारिणीच्या अकराही सभासदांना. मंगळवारी नवा अहवाल आला, त्याची पोच गेली. सोमवारच्या पोचेला मशीन उत्तर देईना, म्हणून स्मरणपत्रही गेलं, प्रतींसकट. रोजच्या पोचेखेरीज बुधवारी दोन स्मरणपत्रं झाली, गुरुवारी तीन. पाड्यापाड्यांवर पुस्तकं घेऊन फिरणारी गाडी देऊ करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेला गुरुवारीच त्यांनी पुस्तकगाडीचं संमतीपत्र धाडलं. तातडीचं म्हणून तेवढ्याच्या प्रती काढल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी भावना परतते न परतते तोच संस्थेचा फोन. "तुमची संमती आलीच नाही. पाचपर्यंत आली नाही, तर गाडी मुरबाडला द्यावी लागेल."

उंबरमाळीहून शाळेला येणारी ठकू पुस्तक मिटून उभीच राहिली. तिच्या पाड्यावर गाडी येणार हे तिनं अख्ख्या पाड्याला सांगून ठेवलं होतं.

"धाडली तर मी काल!" दादा म्हणाले.

भावनानं अहवाल उघडले. "ठकू, खोटे किती ते वाच गो."

"सोमवारी बारा. मंगळवारी चोवीस. बुधवारी छत्तीस. गुरुवारी एकोणपन्नास."

"बघ! चोर रोज वाढतोय!" दादा उसळले. "आपल्या नावावर पत्रं लिहितो मेला. मी आत्ताच पोलिसांत अर्ज देतो."

"काका, हा तर बाराचा पाढा आहे," ठकू म्हणाली. "गुरुवारीच एक जास्ती."

भावना दादांकडे वळली. "दादा, तुमची जावक वही द्या बघू."

वहीत सोमवारी बारा पत्रं. मंगळवारी चोवीस. बुधवारी छत्तीस. गुरुवारी अठ्ठेचाळीस आणि एक संमतीपत्र.

"दादा, चोर तुमच्याच अक्षरात लिहितो."

दादांनी वही हळूच मिटली.

"आपल्या ठरलेल्या खात्यावरून निघाला नाय तो मेल समोरच्या मशीननं खोटा समजून परतवून लावायचा, असं मीच लावून ठेवलंय," भावना म्हणाली. "तुमच्या अ‍ॅपचं त्याला कुठं ठाऊक?"

"म्हणजे मीच तोतया," दादा पुटपुटले. "बत्तीस वर्षांत असं नाय झालं गो कधी."

"मग आमची गाडी गेली का मुरबाडला?" ठकूनं विचारलं.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. भावनानं संमतीपत्र वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर घेतलं आणि ‘पाठवा’चं बटण ठकूला दाबायला दिलं. "आता खरा मोजला जाईल." मग तिनं दादांपुढे हात केला. "मोबाइल द्या. ते अ‍ॅप काढते. यापुढं पोच बंद."

"बंद," दादा म्हणाले. आवाज असा, की ठकूनं त्यांना पाणी आणून दिलं.

पाचला दहा कमी असताना उत्तर आलं. ठकूनं ते मोठ्यानं वाचलं. "संमती मिळाली. पुस्तकगाडी सोमवारी उंबरमाळीस पोहोचेल." ती नाचायलाच लागणार, तेवढ्यात तिला खाली आणखी एक ओळ दिसली. "कृपया या पत्राची पोच द्यावी."

मग भावना खुर्चीवरून उठली.

"बसा, दादा. पण ह्याच कॉम्प्युटरवरून."

दादांनी चष्मा पुसला, बाह्या सारल्या आणि खुर्ची पुढं ओढली.

"आणि माहितीसाठी प्रती?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाठवा," भावना म्हणाली. "अकराही पाठवा."